पाणी सोड!

शंतनूला मराठी येत नाही असं कुणी म्हणालं की माझं डोकं फिरतं. येतं त्याला. श्रीखंड मागण्यापुरतं येतं, आईला फोनवर गुंडाळण्यापुरतंही यायचं. घोडं अडतं ते बापाचं ऐकायची वेळ आली की.

बाप म्हणजे गुरुदत्तकाका, न्यू जर्सीत पार्सिपनीतले आमचे शेजारी. आमच्या दोन घरांच्या मधे त्यांचा ड्राइव्हवे, आणि त्यात ट्रेलरवर चढवलेली त्यांची अठरा फुटी बोट. मी नागपूरहून नोकरीसाठी इथे आले ते २००१ साल होतं. पहिल्याच शनिवारी सकाळी इंजिनाच्या आवाजाने जाग आली, म्हणून भांडायला बाहेर गेले, तर हेच माझ्यावर ओरडले, "नळीवरचा पाय काढ आधी!" आमची ओळख अशी झाली.

काका मूळचे मिरजेकडचे. तिथे पंपाच्या कारखान्यात उमेदवारी केली, एकाहत्तर साली इथे आले आणि पुढची तीस वर्षं एका गावाच्या पाणीपुरवठा खात्यात पंप सांभाळले. रिटायर झाल्यावर त्यांच्या वयाची मंडळी देवळाच्या कमिटीवर जाऊन भांडू लागली. काकांनी ही जुनी बोट घेतली. त्यांना पोहता येत नव्हतं आणि मासे ते खात नव्हते. "बोट कसली, पंप घेतलाय यांनी. बोट त्यावर फुकट आली," असं रेखाकाकू म्हणायच्या, आणि त्यात काही खोटं नव्हतं.

बोटीचं इंजिन तळ्यातलं पाणी खालून ओढून स्वतःला गार ठेवतं. जमिनीवर चालवायचं तर ते पाणी आपण पुरवायचं. इंजिनाच्या पायाला जिथे पाणी ओढायची भोकं असतात, तिथे काका दोन्ही बाजूंनी दोन रबरी वाट्या बसवायचे, कानटोपीने कान झाकतात तशा, आणि त्यांना बागेची नळी जोडायचे. पंपात एक रबराचं चक्र असतं. ते कोरडं फिरलं तर बघता बघता जळतं. पाणी नीट खेळतंय याची खूण म्हणजे इंजिनाच्या मागून उडणारी बारीक पिचकारी. "पिचकारी थांबली की चावी बंद. तिथे अक्कल चालवायची नाही," हे मला त्यांनी शंभरदा ऐकवलं असेल.

नळ घराच्या मागच्या भिंतीला. बोटीतून तो दिसत नाही. त्यामुळे काका चावीला हात लावून ओरडायचे, "पाणी सोड!" मागून काकू नळ उघडून ओरडायच्या, "सोडलं!" ते ऐकल्याशिवाय काकांनी कधी चावी फिरवली नाही. एप्रिल ते ऑक्टोबर दर शनिवारी मी हे ऐकलं आहे. काकू कणकेचे हात घेऊन नळाशी जायच्या, करवादायच्या, पण जायच्या.

२००२ मध्ये न्यू जर्सीत दुष्काळ जाहीर झाला, बागेला पाणी घालायला बंदी आली. काकांनी नळी गुंडाळून ठेवली, कचऱ्याचं मोठं पिंप धुवून त्यात छपरावरचं पावसाचं पाणी साठवलं, इंजिनाचा पाय त्यात बुडवला आणि तेच पाणी पुन्हा पुन्हा वापरलं. समोरच्या घरातल्या बाईने तक्रार केली. टाउनशिपचा माणूस आला, त्याला काकांनी पिंप दाखवलं आणि वर पाणी वाचवण्यावर अर्धा तास झापलं. पाण्याचा थेंब वाया गेलेला त्यांना सोसायचाच नाही.

२००४ मध्ये काकू गेल्या. अकरा दिवसांचं सगळं पार पडलं आणि बाराव्या दिवशी शंतनूने विषय काढला. हे घर विका, बोट टाका, माझ्याकडे अ‍ॅशबर्नला चला. तिथे त्याचं नवं मोठं घर, बेसमेंटमध्ये बाबांसाठी वेगळी खोली, वेगळं बाथरूम. बेसमेंट! मिरजेच्या उन्हात वाढलेल्या माणसाला म्हातारपणी जमिनीखाली न्यायचं आणि वर त्याला प्रेम म्हणायचं. मला इतका संताप यायचा की मी फोडणीचं तेल तापत ठेवून बाहेर येऊन उभी राहायचे. काका मात्र दर वेळी एवढंच म्हणायचे, "बोट चालतेय तोवर मी इथेच."

दोन वर्षं हे चाललं. मग २००६ च्या मे अखेरच्या लाँग वीकेंडला शंतनू गाडी घेऊन आला आणि त्याने हे वाक्यच पकडलं.

"ओके बाबा, चालते ना? मग दाखव. दहा मिनिटं नॉनस्टॉप. चालली तर आय विल नेव्हर आस्क अगेन. नाही चालली तर यू कम विथ मी. डील?"

"डील," काका म्हणाले. बाहत्तराव्या वर्षी माणसाचं राहतं घर डीलवर ठरवायचं, ही कुठली रीत? मी तोंड उघडणार होते, पण काकांनी मला डोळ्यांनीच गप्प केलं. त्यांना खात्री होती. पंधरा दिवसांपूर्वीच त्यांनी रबराचं चक्र नवं घातलं होतं. इंजिन तापलं की वाजणारा भोंगा तेवढा मुका झाला होता, आणि तो आज करू उद्या करू करत राहिला होता.

काकांनी स्वतः जाऊन नळ अर्धा उघडला, शंतनूला तिथे उभं केलं. "इथून हलू नकोस. मी सांगीन तसं कर." मला म्हणाले, "उत्तरा, तू पिचकारीवर डोळा ठेव. बारीक झाली की हात वर कर." ते बोटीत चढले, पुढे सीटवर बसले, मागे पाठ करून. चावी फिरवली. इंजिन दोनदा खाकरलं आणि सुरू झालं. पिचकारी कशी सणसणीत! मी घड्याळ लावलं.

सहाव्या मिनिटाला पिचकारी जराशी बारीक झाली. मी हात वर करून हाक मारली. काकांनी वळून पाहिलं आणि घराच्या दिशेने ओरडले, "शंतनू, पाणी सोड!"

"ओके!"

"सोडलं का?"

"सोडलं!"

अगदी काकूंच्या सुरात. काकांच्या चेहऱ्यावर जे आलं ते मी पाहिलं, आणि काका पुन्हा पुढे वळून बसले. नेमका तेव्हा माझा फोन वाजला. ऑफिसचा सर्व्हर पडला होता. सुट्टीच्या दिवशी मॅनेजर मलाच विचारत होता, आणि मी, मूर्खासारखी, पाठ फिरवून दीड-दोन मिनिटं त्याच्याशी वाद घालत राहिले.

जळक्या रबराचा वास आला तेव्हा वळले. पिचकारी नव्हती. पाण्याचा टिपूस नव्हता. इंजिनातून वाफ निघत होती. मी किंचाळले, काकांचा हात चावीकडे गेला, पण त्याआधीच इंजिन घप्पकन थांबलं. त्यांनी चावी पुन्हा फिरवली. नुसतं टक. पुन्हा टक.

मी धावत मागे गेले. नळ घट्ट बंद होता आणि शंतनू हात पुसत उभा होता.

"नळ कुणी बंद केला?"

"मी. बाबा सेड सोड."

"सोड म्हणजे काय वाटलं तुला?"

"लेट गो. लीव्ह इट. स्टॉप." तो गोंधळला होता. "लहानपणी रोज ऐकलंय मी. रिमोट सोड, हट्ट सोड, बॉल सोड."

माझा तोल गेला. "अरे गाढवा, पाणी सोड म्हणजे नळ उघड! टर्न इट ऑन! तुझी आई चार वर्षं इथे उभी राहून ते करत होती, तू एकदा तरी बघायला आलास का?" आणखीही बरंच बोलले. स्वतःचा राग होता तोही त्याच्यावरच काढला. तो लाल झाला आणि म्हणाला, "पाणी सोड, टर्न इट ऑन. ओके. गॉट इट. सॉरी."

आम्ही पुढे आलो. मला वाटलं, आता काका फुटतील. ज्यांनी टाउनशिपच्या माणसाला सोडलं नाही, मला पहिल्या दिवशी सोडलं नाही, ते याला काय सोडणार? ओरडावं त्यांनी, निदान एकदा. हा डाव मोडला, पुन्हा खेळू, असं म्हणावं. मीच म्हणाले, "काका, याने नळ बंद केला होता. याची चूक आहे. हे धरायचं नाही."

काका बोटीतून हळूहळू उतरले. इंजिनाच्या गरम टोपणावर त्यांनी हात ठेवला आणि भाजला तरी पटकन काढला नाही.

"दहा मिनिटं ठरली होती," ते म्हणाले. "आठच झाली."

"काका!"

"असू दे, उत्तरा. शब्द दिलाय मी." मग ते शंतनूकडे न बघता, बोटीकडे आणि घराकडे बघत म्हणाले, "शंतनू, मी पाणी सोडलं."

मला कळलं. शंतनूने भुवया उंचावल्या, नळीकडे पाहिलं, मग त्याचा चेहरा एकदम उजळला. या वेळी त्याला शब्द येत होता, मीच तर शिकवला होता.

"नो बाबा, अजून बंद आहे. थांब, मी करतो."

आणि तो पळत मागे गेला. मला त्याला अडवायचं होतं, पण तोवर तो भिंतीआड गेलाही होता. नळी थरथरली, फुगली, आणि मेलेल्या इंजिनाच्या दोन्ही वाट्यांमधून पाणी भसाभस ड्राइव्हवेवर सांडायला लागलं. काकांच्या चपला भिजल्या. पाणी उतारावरून रस्त्याच्या गटाराकडे धावत होतं आणि ते त्याच्याकडे नुसते बघत होते.

घराच्या मागून शंतनू जोरात ओरडला, "सोडलं!"