राणीच्या राज्यातले मास्तर

उभा मुलूख निजामाची रयत असताना एक माणूस मात्र भलत्याच राणीची रयत होता. ते आमच्या गावचे मास्तर. पगार हैदराबादचा घ्यायचे, पोरांकडून पाढे उर्दूतून म्हणून घ्यायचे, पण मनानं राहायचे हिमालयापल्याडच्या बायकांच्या राज्यात. येरमाळ्याच्या यात्रेत त्यांना पुढची-मागची पानं वाळवीनं खाल्लेलं एक उर्दू पुस्तक मिळालं होतं. त्यात म्हणे जुन्या चिनी लोकांचा दाखला होता, की डोंगरापलीकडं एक मुलूख आहे, तिथं गादीवर राणी बसते, नऊ मजली वाड्यात राहते, आणि तिच्या नवऱ्याला राजा म्हणतात खरं, पण कारभारातलं त्याला कुणी काही विचारत नाही. पुरुषांनी लढायचं आणि नांगरायचं, बस्स. माझी शाळा चौथीपुढं नाही. मी म्हणालो, "मास्तर, हे तर आमच्या घरचंच लिहून ठेवलंय." मास्तर हसले नाहीत. त्या राज्याची थट्टा त्यांना खपत नसे.

खपणार कशी? विहिरीवरून घागर घेऊन बाई निघाली की मास्तर तालुकदाराला करतात तसा वाकून सलाम करायचे, आणि बाई दचकून अर्धी घागर सांडायची. पाटलाच्या पंगतीला बसले, तर आधी आत बायकांची जेवणं होऊ द्या म्हणून हात बांधून बसून राहिले. भात निवला, पाटील तापले, आणि आत बायका तोंडाला पदर लावून हसत राहिल्या. त्यानंतर पाटलांनी मास्तरांना जेवायला बोलावलं नाही, पण पाटलीणबाई परसदारानं ताट पाठवायच्या.

त्या मुलखात म्हणे दरसाल पुजारी डोंगरात जाऊन दाणे टाकतो, रानातलं एक पाखरू येऊन त्याच्या ओटीत बसतं, आणि त्याचं पोट चिरून आत धान्य निघालं तर साल चांगलं जातं. मास्तर पडले लिंगायत, मुंगीला वाट देणारे. त्यांनी तोड काढली. चिरायचं नाही, पाखराच्या गळ्याखालची पिशवी बोटानं चाचपायची.

एका साली हस्ताची एक सर पडली आणि सगळं गाव ज्वारी पेरायला उतावीळ झालं. माझ्याकडं बियाणं एका पेरणीपुरतंच होतं. ते वाया गेलं तर सालभर दुसऱ्याच्या रानात राबायची पाळी. मास्तर माझ्यासाठी ओटीत दाणे घेऊन माळावर तीन दिवस बसले. एक चिमणीसुद्धा फिरकली नाही. तिसऱ्या दिवशी दमून माझ्या अंगणात टेकले, तर एक कोंबडी थेट मांडीवर. पिशवी टच्च भरलेली. मास्तरांच्या डोळ्यांत पाणी आलं. "पेरा," म्हणाले, "साल सोन्याचं हाय."

माझी मालकीण दारातून म्हणाली, "मास्तर, ती आमचीच कोंबडी हाय. सकाळधरनं बियाण्याच्या पोत्यावर बसलीया." मग मला म्हणाली, "म्या रानात उकरून बघितलं. वरवरची ओल हाय, ईतभर खाली नुसती धूळ. अजून एक पाऊस होऊ द्या."

भावकीतले चार-पाच जण तिफणी जुंपायच्या बेतात तिथंच उभे होते. ते लई हसले. मास्तर कोंबडी खाली सोडून ताठ उभे राहिले. राणीचा शब्द पडल्यावर पाखराचा कौल रद्द, असं त्यांनी जाहीर केलं. मी लाजेनं मेलो. पण बी एकदाच पेरता येणार होतं. थांबलो.

गावाची ज्वारी उगवली, रानारानात हिरवी रेघ दिसायला लागली, आणि माझं रान तेवढं काळं. "काय राजे, सुटला का राणीसरकारचा हुकूम?" असं मला रोज ऐकावं लागे. मी मालकिणीशी बोलणं टाकलं. ती भाकरी वाढायची, मी पाठ फिरवून खायचो. शाळा सुटली की मास्तर माझ्या बांधावर पहाऱ्याला उभे राहायचे, जणू मी चोरून पेरणार होतो. तसा एकदा निघालोही होतो. त्यांनीच बैल माघारी फिरवले. मग ऊन कडकलं, गावाचे कोंब पिवळे पडून माना टाकायला लागले, आणि त्यानंतर पाऊस आला, चांगला रात्रंदिवस. माझी पेरणी साधली.

खळ्यावर रास पडली तेव्हा मास्तर आले. मी आनंदात होतो, बोलून गेलो, की एवढं बायकांच्या राज्याचं येड आणि तुमच्या घरात राणी कशी न्हाय?

"होती," मास्तर म्हणाले. पहिलं बाळंतपण होतं. पोटात बरं वाटत नाही, मला तुळजापूरला आईकडं पोचवा, असं ती आठ दिवस म्हणत होती. मास्तरांचे वडील नको म्हणाले. "तिचं खरं हाय, हे मला कळत होतं. मी गप बसलो." मग राशीकडं बघत म्हणाले, "तुम्ही ऐकलंत."

मी त्यांच्या उपरण्यात दोन पायल्या ज्वारी बांधून दिली, झालं.

मास्तर जाऊन लई वर्षं झाली. मालकीण गेली त्याला चार महिने. शेवटी ती म्हणत होती, दवाखाना बास, मला घरी न्या. पोरं ऐकेनात, डॉक्टर ऐकेना. मी सगळ्यांशी भांडून तिला घरी आणली. सहा दिवस होती. पोरं अजून माझ्याशी धड बोलत नाहीत, आणि त्यांचंही चुकतंय असं मी म्हणणार नाही. पण मास्तर असते तर जाऊन त्यांच्याजवळ बसलो असतो.