रेडिओला तेलाचं बोट

बाबांची उड्डाणं दुपारी असतात. जेवणं उरकून आईचा डोळा लागला की ते बरकतपुऱ्यातल्या घरी खिडकीपाशी बसतात, टेबलावरचा रेडिओ जवळ ओढतात आणि त्याची बटणं फिरवायला लागतात. हा गाण्यांचा रेडिओ नव्हे, विमानातला आहे. बाबा बेगमपेटच्या विमानतळावर मुलांना विमान चालवायला शिकवत. ज्या छोट्या विमानात त्यांची निम्मी हयात गेली ते मोडीत निघालं, तेव्हा त्यातला रेडिओ त्यांनी मागून घेतला. त्याला वीज नाही, आवाज नाही. पण बटण फिरवलं की वरच्या इवल्या खिडकीतले आकडे अजूनही टक् टक् करत सरकतात.

ते आकडे बाबांना आता दिसत नाहीत. काचबिंदूनं दोन्ही डोळे नेले, उजेड कुठून येतो तेवढं कळतं. ते टक् टक् मोजतात आणि जिथं जायचं तिथं बिनचूक पोचतात.

मी विद्यानगरला राहते. शाळा सुटली की आधी आईकडे यायचं आणि दिवाणावर आडवं व्हायचं, हा माझा नेम. पडल्या पडल्या विचारायचं, "बाबा, कुठे आहात?"

"हुसेनसागर उजव्या हाताला आहे. थोडे ढग आहेत."

मग मलाही ढग दिसायला लागतात. खाली पांढऱ्या गच्च्या, गच्च्यांवर वाळत घातलेल्या साड्या, तळ्याचं मळकं पाणी, त्यावरून सरकणारी आमची सावली. पंखा घरघरतो तो इंजिनासारखा. आपण झोपलोय की उडतोय, हे मला पुष्कळदा कळत नाही, आणि खरं सांगायचं तर कळून घ्यायची इच्छाही नसते. सकाळपासून सातवीच्या वर्गावर ओरडून आलेल्या बाईला एवढं तरी मिळायला हवं.

या वर्षी पावसाळा सरता सरता बटणांवरची रबरी टोपणं पाघळली. गुळाच्या पाकासारखी चिकट झाली, बोट लावलं की काळं. बाबा भिंतीला हात लावत चालतात. त्यामुळे खिडकीपासून मोरीपर्यंत भिंतीवर काळ्या बोटांची रांग उठली. आई रोज ओलं फडकं घेऊन ती पुसायची. बोलायची काही नाही, पण पुसणं चांगलं खसाखसा ऐकू येई.

बाबांनी रेडिओला हात लावणं सोडलं. दुपारी खिडकीशी बसत तसेच, पण हात मांडीवर. जेवण कमी झालं. दाढी राहू लागली.

"बाबा, कुठे आहात?" मी एकदा विचारलं.

"जमिनीवर," ते म्हणाले.

मला रडूच आलं. हा माणूस असा खुर्चीत बसल्या बसल्या विझून जाणार, अशी भीती मनात बसली ती जाईना.

म्हणून मी कोठीच्या बाजारातल्या गल्लीत गेले. तिथं अँप्लिफायरचे सुटे भाग विकणारी दुकानं एकाला एक चिकटून आहेत. दुकानदारानं मी दाखवलेला टोपणाचा काळा, लगदा झालेला तुकडा चिमटीत धरला. "हवाईजहाज का? क्या बाताँ करते मेडम!" म्हणत हसला, आणि तरीही डबे उपसायला लागला. मोठ्या बटणाला जाड दातांचं टोपण सापडलं. त्याच्या पोटातून वर येणाऱ्या छोट्या बटणासाठी मात्र एका जुन्या टेपरेकॉर्डरचं काढावं लागलं, बारीक दातांचं. मला हेच हवं होतं, म्हणजे बोटांना दोन्ही वेगळी कळणार.

नवरात्रातल्या अष्टमीच्या दुपारी मी कामाला बसले. आई खाली फुलं आणायला गेली होती. बतुकम्माच्या सणाला फुलांचे थर रचायला बायकांनी सगळी फुलं उचलायच्या आत तिला झेंडू हवा होता. मी जुनी टोपणं नखानं खरवडून काढली, आतली धातूची बटणं स्पिरिटनं पुसली. नवी टोपणं गरम पाण्यात टाकली, मऊ झाल्यावर ताणून चढवली. खरवडताना एक ओळखीचा वास आला. खोबरेल.

मग डोक्यात प्रकाश पडला. आमच्याकडे खंडेनवमीला घरातली सगळी हत्यारं पुसून पूजेत मांडतात. विळी, शिवणयंत्र, माझं लाल पेन आणि रेडिओ. आई लोखंडाला लावते तसं रेडिओच्या बटणांनाही दर वर्षी तेलाचं बोट लावत आली होती. रबराला तेल म्हणजे विषच.

"बाबा, हे आईच्या तेलानं झालंय!"

"हौ. पहिल्याच वर्षी कळलं होतं मला."

"मग सांगितलं का नाही?"

बाबा नव्या दातांवरून अंगठा फिरवत राहिले. "तुझी आई कधी विमानात बसली नाही, बेटा. मी वर असलो की भाजीत मीठ दोनदा पडायचं. विमानाचं नाव काढलं तरी उठून जायची. वर्षातून एकदा आपण होऊन हात लावायली, तर नको कसं म्हणू?"

बाबांनी बटण एकदाच टक् केलं. "उद्या उडू," म्हणाले.

पण उद्याच नवमी होती आणि रेडिओ पुन्हा पूजेत जाणार होता, हे दोघांच्याही लक्षात आलं नव्हतं. सकाळी पाटावर सगळं मांडून आई तेलाची वाटी घेऊन आली. मी पुढे होणार तेवढ्यात बाबांनी चाचपत रेडिओवर पंजा ठेवला.

"त्याला नको. टोपणं नवी आहेत. माझ्या बोटांना लाव."

"लेकीसमोर काय काय बोलायलात!" आई म्हणाली खरी, पण रेडिओ पाटावरून उचलून खिडकीशी ठेवला आणि खाली बसली. एकेक बोट धरून दहाही बोटांना तेल लावलं, त्यांवर हळदकुंकू वाहिलं. बाबांचा चेहरा मी इतका शांत कधी पाहिला नव्हता.

आता पूजेत बसलेल्या हत्याराला त्या दिवशी काम सांगत नाहीत. रेडिओऐवजी बोटंच पूजेत बसली, म्हणून दुपारी बाबा तेलकट हात मांडीवर ठेवून नुसते बसले. मला चुटपुट लागली. इतक्या दिवसांनी बटणं नीट झाली आणि आजही जमिनीवरच.

आई झोपली नव्हती. तिनं पदराला हात पुसले, पुन्हा एकदा पुसले आणि बाबांशेजारी खुर्ची ओढून बसली.

"कोणतं फिरवू?"

बाबा खुर्चीत सावरून बसत म्हणाले, "जाड दातांचं आधी. आणि मी आकडा सांगितला की तो तू परत म्हणायचा. आमच्यात तसा नियम आहे."

"बरं."

"एकशे अठरा."

टक्. टक्. आईनं चष्मा कपाळावरून खाली घेतला आणि आकड्यांच्या खिडकीत वाकून पाहिलं.

"एकशे अठरा," ती म्हणाली.

"बरोबर. निघालो बघ."

मी दिवाणावर डोळे मिटून घेतले. पंखा घरघरत होता.

"अहो," आईचा आवाज आला, "फार उंच नका नेऊ."

मी डोळे उघडून पाहिलं. तिचा एक हात बटणावर होता, आणि दुसऱ्या हातानं तिनं बाबांचा गुडघा घट्ट धरून ठेवला होता.