कोठारावरचा शब्द

मी पदवीधर झालो तो गावच्या शाळेतल्या साठे सरांमुळे. अग्निबाणाला पुढे ढकलणारं इंधन म्हणजे प्रणोदक, हे त्यांनीच शिकवलं. कारखान्यात लागल्यावर मी हौसेने इंधनाच्या कोठारावर फलक लावला: ‘सावधान! प्रणोदक’.

आज पेंटर तो शब्द खरवडत होता. शेजारी हमाल किसन उभा होता, दोन्ही हातांना पट्ट्या बांधलेला.

“मला वाटलं, प्रणोदक म्हणून कुणी कडक साहेब असतील,” तो म्हणाला. “ते दिसंनात, म्हणून दारातच विडी पेटवली.”

पेंटर हसला. शब्द अचूक होता. ज्याचा जीव त्याने वाचवायचा, त्यालाच त्याचा अर्थ मी कधी सांगितला नव्हता.

संध्याकाळी सरांना पत्र टाकलं: “तुम्ही दिलेला शब्द कोठारावर लावला आहे. वाचून माणसं लांबच थांबतात.”