मैदानाकडे पाठ

कात्सुहिको नुकुईंनी पंचवीस-एक वर्षं निइगाताच्या बेसबॉल संघामागे सगळा जपान पालथा घातला. पण खेळ म्हणाल तर तो त्यांनी जवळजवळ पाहिलाच नाही. ते आरोळ्यांचे म्होरके होते. म्होरक्यानं मैदानाकडे पाठ करायची, तोंड प्रेक्षकांकडे, गळ्यात शिट्टी, आणि हजार गळे एका तालात आणायचे. मागे काय घडलं ते लोकांच्या चेहऱ्यांवरून ओळखायचं.

"लॉन्ड्रीला टाळं लावून जाता, रेल्वेची धन करता," बायको फुसाए म्हणायची, "आणि बघता काय? लोकांचे दात!"

नुकुई ते हसण्यावारी न्यायचे. पण एक सल होता. ओरितो हा त्यांचा लाडका बॅटर. त्याच्या नावाची आरोळी त्यांनीच बांधलेली. त्याचा एकही फटका त्यांनी समोरून पाहिला नव्हता. टीव्हीवर पाहणं म्हणजे लग्न चुकवून फोटो बघत बसणं.

यंदा गुडघ्यांनी दगा दिला आणि शिट्टी दुसऱ्याच्या गळ्यात गेली. ओरितोही निवृत्त होणार होता, शेवटचा सामना ओकायामाला. पाहुण्यांच्या बाजूची तिकिटं केव्हाच संपली होती. मिळालं ते यजमानांच्या आरोळीवाल्यांमधलं. तिथे परक्या संघाचा शर्ट चालत नाही आणि आवाजही चालत नाही. नुकुईंना ते बरंच वाटलं. गप्प बसून बघायचं, एवढंच तर त्यांना हवं होतं.

शेजारच्या बाईंनी वाळवलेल्या माकुळाची, म्हणजे स्क्विडची, पुडी पुढे केली. "घ्या ना. आपल्याच संघाचे ना तुम्ही?"

"ओरितोसाठी आलोय, निइगाताहून," नुकुई हळूच म्हणाले.

"अगं बाई, म्हणजे हेर की!" त्या हसल्या. "बसा, बसा. पण ओरडलात तर पुडी परत घेईन हं."

आठव्या डावात ओरितो आला. पलीकडे नुकुईंनी बांधलेली आरोळी उठली. इकडे सगळे चिडीचूप. समोरचा खेळत असताना इकडचे ओरडत नाहीत. नुकुईंनी ओठ घट्ट मिटले. दोन चेंडू हुकले. ओरितो बॅट उचलताना कोपर किती वर नेतो, तेसुद्धा त्यांना आज कळत होतं.

पिचरनं हात मागे नेला. पलीकडची आरोळी टिपेला पोचली, आणि इतक्या वर्षांच्या सवयीनं नुकुई दुखऱ्या गुडघ्यांसकट ताडकन उठले, वळले आणि मैदानाकडे पाठ करून लोकांसमोर उभे राहिले.

मागे खाडकन आवाज झाला.

समोरचे सगळे चेहरे एकदम वर गेले, चेंडू डोक्यांवरून जाताना त्याच्यामागे फिरले, आणि पडले. शेजारच्या बाईंचं तोंड तर एवढंसं झालं.

"अहो, इकडे काय बघताय? तिकडे बघा! धावतोय तुमचा!" त्या रडवेल्या होऊन ओरडल्या.

नुकुईंना वळवेना. ओरितोचा शेवटचा फटका बघायचा हुकला तो हुकलाच. पण इतकी सुतकी तोंडं त्यांनी जन्मात पाहिली नव्हती, आणि आता ती एकेक करून ते डोळे भरून पाहत होते.