फक्कीच्या भिंती

खाटेचा एवढा द्वेष करणारा माणूस चंद्रपूर आणि गडचिरोली या दोन जिल्ह्यांत मिळून दुसरा नाही, आणि तो नेमका माझा साडू निघावा, हे माझं नशीब. साडू सर्जन आहेत. मूल गावात तीस वर्षं त्यांनी लोकांची पोटं उघडली आणि नीट शिवून परत दिली. साठी जवळ आल्यावर मात्र त्यांना साक्षात्कार झाला, की माणूस ऑपरेशननं बरा होतो आणि नंतर खाटेवर पडून पुन्हा आजारी पडतो. तेव्हा आता असं सर्जरी सेंटर बांधायचं, की सकाळी यायचं, ऑपरेशन करून घ्यायचं आणि संध्याकाळी घरी जायचं. रात्रीपुरती एकही खाट इमारतीत असणार नाही. "खाट दिसली का माणूस कण्हाले लागते," हे त्यांचं वैद्यकशास्त्र. आमच्याकडे आले तरी ते दिवाणावर बसत नाहीत. स्वयंपाकघरातलं स्टूल मागवतात आणि त्यावर ताठ बसून आमच्या दिवाणाकडे संशयानं पाहतात.

खिशात मोजपट्टी कायम. पुतणीच्या लग्नात नवरदेव मंगल कार्यालयाच्या दारात औक्षणासाठी उभा असताना साडूंनी त्याला हातानं बाजूला सारलं, चौकट मोजली आणि वरमाईला म्हणाले, "इथून स्ट्रेचर वळणार नाई." ती बाई पुढे तीन दिवस धास्तावलेली होती.

नकाशे त्यांनी इतक्या वेळा बदलले, की आर्किटेक्टनं फोन उचलणं सोडलं. मग साडूंना कागदाचाच कंटाळा आला. उन्हाळ्यात गावातल्या राईस मिलचं धान वाळवायचं पटांगण रिकामं असतं. तिथे त्यांनी कबड्डीचं मैदान आखायची पांढरी फक्की घेऊन अख्खं सेंटर खऱ्या मापात आखलं आणि रोज संध्याकाळी रंगीत तालीम सुरू केली. पेशंट अर्थातच मी. चाकांच्या ढकलगाडीवर मला उताणं निजवून ते फक्कीच्या भिंतींमधून फिरवत. एकदा माझा पाय रेषेबाहेर गेला, तर म्हणाले, "साडभाऊ, पाय आत घ्या, भिंतीले लागते." पोती वाहणारे हमाल आधी हसले. पण पाठीवर पोतं घेऊन ऑपरेशन थिएटरमधून चाललेल्या एकाला साडूंनी चपला काढायला लावल्या, तेव्हापासून सगळे निमूटपणे दारातून ये-जा करू लागले.

याच हमालांत ऋषीभाऊ होते. नदीपलीकडच्या एका गावचे, हंगामापुरते मिलवर येणारे. जांघेत हर्नियाचा गोळा आल्यापासून त्यांचं पोतं उचलणं बंद झालं होतं आणि ते बायकांच्या ओळीत बसून पोत्यांची तोंडं शिवत. साडूंनी त्यांना शब्द दिला होता, "नव्या सेंटरमधलं पयलं ऑपरेशन तुमचंच." ऋषीभाऊंनी तो खरा मानला, ही त्यांची चूक. दोन हंगाम गेले. साडू दर महिन्याला गोळा तपासत, "थांबाले हरकत नाई" म्हणत आणि खिडक्या बदलत. नकाशा निर्दोष होत गेला आणि गोळा मोठा.

"जुन्या दवाखान्यात करून टाका ना," मी एकदा वैतागून म्हणालो.

"तिथी खाटा हायेत," साडू म्हणाले.

एका तालमीत नातेवाईक म्हणून उभे केलेले ऋषीभाऊ पोत्याचा सुवा हातात घेऊन म्हणाले, "साहेब, संध्याकाळी घरी जाचं म्हंता. पण नदीवरच्या रपट्यावरून, त्या बुटक्या पुलावरून, पाणी गेलं तं?"

"नकाशात रपटा नाई," साडू म्हणाले आणि मला पुढे ढकललं.

अखेर इमारत झाली. झाली ती ऐन पावसाळ्यात. पण ठरल्याप्रमाणे पहिलं ऑपरेशन ऋषीभाऊंचंच आणि तेही साडूंच्या हातानं, अगदी सुरेख. चार वाजता ऋषीभाऊ हळूहळू चालत बाहेर आले. तेव्हा त्यांच्या गावची बस रद्द झाल्याचं कळलं. मी भीतभीत म्हटलं, "आजच्या दिवस एक खाट..." साडूंनी मला पुरतं बोलूही दिलं नाही. ऋषीभाऊ आणि त्यांच्या बाई, दोघांना आपल्या गाडीत बसवून ते स्वतः निघाले. गाडीनं रपटा ओलांडला आणि अर्ध्या तासात मागे पाणी चढलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी पेशंटला फोन करायचा, हा साडूंचाच नियम. नर्सनं केला. ऋषीभाऊ म्हणाले, "मी ठीक हावो, बाई. साहेब बाजेवर निजून राह्यले. उठवू का?"

घरात बाज एकच. ती पेशंटनं डॉक्टरला देऊ केली, डॉक्टरनं पेशंटला, आणि शेवटी ऋषीभाऊंच्या बाईंनी शेजारून दुसरी आणून दोघांनाही दटावून आडवं केलं. "तुमच्या दवाखान्यात नसन साहेब, आमच्या घरी बाज हाये," असं त्या म्हणाल्याचं साडूंनीच मला पुढे कधीतरी सांगितलं, दुसरीकडे बघत. दोन दिवस ते तिथे अडकले. नव्या सेंटरचा एकुलता एक सर्जन नदीपलीकडे बाजेवर होता आणि सेंटरला कुलूप.

दिवाळीनंतर मी मिलवर गेलो. फक्की पावसात केव्हाच धुऊन गेली होती, पण जुने हमाल अजून पटांगण सरळ ओलांडत नव्हते, दार होतं तिथूनच वळत होते. ऋषीभाऊही वळले, पाठीवर पोतं घेऊन. एका कोपऱ्यात मात्र फक्कीचा नवा चौकोन दिसला. सहा फूट बाय तीन. शेजारी साडू उभे.

"हे काय?"

"स्टोअर," ते म्हणाले.

मी त्या चौकोनात उताणा निजलो. अंगाखाली सिमेंट उन्हानं कोमट झालं होतं. साडूंनी एकदा नदीच्या दिशेला बघितलं. मग खाली वाकले, गुडघा धरत, पूर्वीपेक्षा जरा जास्त वेळ घेऊन, आणि हळूच म्हणाले, "पाय आत घ्या, साडभाऊ."