तिसऱ्या सिलिंडरची हवा

गॅरेजात किस्से कुणी मुद्दाम गोळा करत नाही. ते काजळीसारखे साचतात, बोट लावलं की बोटाला येतात. माझे सासरे, म्हणजे अण्णा, यांचं सोलापुरात इंजिनचं गॅरेज आहे. नवरा चिंचोळीला एमआयडीसीत. मी माझा डिप्लोमा घेऊन अण्णांच्या हाताखाली. परवा सिद्राममामांची स्कूल व्हॅन दारात आली, जिच्यातून माझी लेक बालवाडीला जाते तीच! व्हॅनचा दम गेलेला. पण मामांना इंजिन उघडायचं नव्हतं. गाडी थांबली की पालक दुसरी व्हॅन बघणार, आणि मामांचं घर त्याच व्हॅनवर. निकाल द्यायचा होता मी! माझे निकाल कसे असतात ते आधी ऐका.

*

लेक तान्ही असताना टेंभुर्णीचे एक पाव्हणे जुनी पेट्रोल जीप घेऊन आले. "वहिनी, बाळंतीण चालावी तशी चालतीया बघा."

मी म्हटलं, "मग घरची सगळी कामं तिच्याच अंगावर असणार!"

पुढचं सगळं पाव्हण्यांनी अण्णांनाच सांगितलं.

*

त्याच जीपचा प्लग काढून गेज लावलं, इंजिन फिरवलं. आत दाब धरतो का ते काटा सांगतो. काटा अर्ध्यावरच! मग प्लगच्या भोकातून चमचाभर ऑइल सोडलं, काटा वर चढला. म्हणजे पिस्टनच्या रिंगा झिजलेल्या. ऑइलनं तेवढ्यापुरती फट बुजते. वाल्व्ह गळत असता तर काटा हलला नसता. हे मी पाव्हण्यांना अगदी मन लावून समजावलं.

पाव्हणे खूश. "मग उघडताय कशाला? रोज सकाळी चमचाभर पाजतो की! म्हातारीला एरंडेल देतोच."

*

एकदा एका टेम्पोच्या सिलिंडरमध्ये कॉम्प्रेसरची हवा सोडली. वाल्व्ह गळत असला की हवा सुसू करत बाहेर येते. मी पंखा बंद करायला लावला, सगळ्यांना गप्प बसवलं, कान दिला आणि जाहीर केलं, "वाल्व्ह गळतोय! इंजिनाचं हेड, म्हणजे डोकं, उघडावं लागणार!"

अण्णांनी शांतपणे आमच्या हवेच्या पाइपच्या सांध्यावर बोट ठेवलं. सुसू बंद.

"सूनबाई, गळतोय आपला पाइप आणि डोकं उघडायचं गिऱ्हाइकाचं?"

*

लेकीची छाती भरली तेव्हा तर कहर! गॅरेजात इंजिनाचा आवाज ऐकायला एक स्टेथोस्कोप आहे, तो मी तिला लावला आणि दवाखान्यात जाऊन सांगितलं, "डॉक्टर, आवाज इनलेटच्या बाजूनं येतोय."

डॉक्टरांनी तपासलं. म्हणाले, "औषध देतो. हेड उघडावं लागणार नाही."

*

तर व्हॅन. तिसऱ्या सिलिंडरचा काटा खाली. ऑइल घातलं, तरी तिथंच. हवा सोडली, सुसू थेट सायलेन्सरमधून. या वेळी आमच्या पाइपच्या सांध्यांना आधी साबणाचं पाणी लावून बघितलं! एकही बुडबुडा नाही.

"मामा, एक्झॉस्टचा वाल्व्ह जळलाय. उघडावंच लागेल."

"ताई, ह्ये आई म्हणून सांगताय का मिस्त्री म्हणून?"

"मलाच कळत नाहीये, मामा. म्हणून तर तीनदा बघितलं."

मामांनी सायलेन्सरपुढं तळहात धरला. हवा लागत होती. मग म्हणाले, "उघडा."

काम होईपर्यंत अण्णांनी आपली गाडी मामांना दिली. मामांनी दोन-दोन खेपा केल्या, पण एकही पोरगं दुसऱ्या व्हॅनला गेलं नाही. वाल्व्हची कड खरंच जळून झिजलेली निघाली. (हुश्श!) नवा वाल्व्ह घासून बसवला.

पहिल्या दिवशी मी मागच्या सीटवर. काळजी, दुसरं काय! रेल्वेच्या पुलावर व्हॅन एका दमात चढली. आत मात्र सगळी पोरं चिडीचूप. एवढे दिवस पुलाच्या चढावर व्हॅन धापा टाकायची, तेव्हा ती सगळी पुढं वाकून 'हैश्शा' करायची. गाडी आपणच चढवतो, अशी त्यांची पक्की खात्री!

"मामा," माझी लेक रडवेल्या आवाजात म्हणाली, "आम्ही ढकललंच नाही."

मामा आरशात बघत राहिले.

दुसऱ्या दिवशीही मी होतेच. पुलाच्या तोंडाशी मामांनी ॲक्सिलरेटरवरचा पाय उचलला. व्हॅन मंदावली.

"पोरांनू, दम संपला बघा हिचा!"

"हैश्शा!" अख्खी व्हॅन पुढं वाकली.

मामांनी आरशातून माझ्याकडं बघितलं. "ताई, तुमी का गप बसलाय?"