दादांचं जुनं लिनक्स

आमचे सासरे कॉम्प्युटरमधून बोलतात. हे आधीच सांगून टाकते, नाहीतर पुढचं काही कळायचं नाही. अर्धांगवायूचा झटका आला आणि दादांचा उजवा हात गेला, वाचाही गेली. डोकं मात्र शाबूत राहिलं. आयुष्यभर त्यांनी कचेरीत टायपिस्टची नोकरी केली. साहेबाने तोंड उघडलं की यांची बोटं सुरू, आणि बोटांकडे ढुंकूनही बघायचं नाही. साहेब येत गेले, जात गेले, पण टाइपरायटर तोच. त्याला दुसऱ्या कुणी हात लावलेला त्यांना खपायचा नाही. एका नव्या कारकुनाने तो नुसता पुसायला घेतला, तर दादा त्याच्याशी महिनाभर बोलले नव्हते म्हणे.

झटक्यानंतर डाव्या हाताने लिहून बघितलं, तर कागदावर नुसते कोंबडीचे पाय. त्यांनाही वाचता येईनात, आम्हालाही. तेव्हा आमच्या ह्यांनी एक काम खरंच चांगलं केलं. माळ्यावरचा जुना कॉम्प्युटर काढला. कॉम्प्युटर चालवणारी विकतची सिस्टीम त्या म्हाताऱ्या यंत्राला झेपत नव्हती, म्हणून त्यात लिनक्स घातलं. ते फुकट मिळतं आणि उघडं असतं. कुणीही घ्यावं, खोलावं, आपल्या सोयीने बदलावं. म्हणूनच त्याच्या ढीगभर जाती आहेत आणि प्रत्येक जातीचे भक्त वेगळे. ह्यांनी डेबियन नावाचं घातलं. टाइपरायटरवर जे अक्षर जिथे होतं, तिथेच ते कीबोर्डवर बसवलं. दादांनी टाइप करायचं आणि यंत्राने ते वाचून दाखवायचं. आवाज पत्र्याच्या डब्यातून आल्यासारखा यायचा. आणि इतक्या महिन्यांनी दादा पहिलं वाक्य काय बोलले? "भाजीत मीठ कमी आहे." मला रडू आलं आणि रागही आला.

इथे थांबले असते तर ते आमचे हे कसले! ह्यांना सिस्टीम बदलायचं व्यसन. कुणाला दारूचं असतं, तसं. रोज जेवताना मोबाइलवर कुणातरी अनोळखी माणसाशी वाद चालायचा, कुठलं लिनक्स श्रेष्ठ. "डेबियन फार मागे असतं गं. नव्यात सगळं लगेच येतं."

"येऊ दे की. आपल्याला कुठे जायचंय?" मी म्हणायचे. मी दिवसभर पोस्टाच्या काउंटरवर लोकांची बोलणी खाऊन आलेली. मला घरात काहीही नवं नको असतं.

एका रविवारी दादांना मी अंघोळीला नेलं आणि ह्यांनी तेवढ्यात डाव साधला. आम्ही बाहेर येतो तो कॉम्प्युटरवर नवंकोरं लिनक्स. निळंशार चित्र, गोल गोल खुणा, आणि आवाज तर एखाद्या निवेदिकेसारखा. "बोला दादा!" हे म्हणाले. दादांनी टाइप केलं आणि त्या गोड आवाजात काहीतरी भलतंच आलं. ना शब्द, ना वाक्य. दादांनी पुन्हा टाइप केलं. पुन्हा तेच. त्यांनी टेबलावर मूठ आपटली, तर ह्यांनी आवाज मोठा केला.

दुसऱ्या दिवशीही तेच. तिसऱ्याही. डॉक्टर घरी येऊन गेले. त्यांनी ते यंत्रातलं बडबडणं ऐकलं, मान हलवली आणि म्हणाले, असं होतं कधीकधी, आता मेंदूवरही परिणाम दिसतोय. आम्ही ऐकून घेतलं. डॉक्टर म्हणतायत म्हटल्यावर आम्हीही तेच धरून चाललो.

मग घरात सगळे दादांच्या देखत दादांविषयी बोलायला लागले. नणंदबाईंनी फोनवरून वृद्धाश्रम ठरवूनसुद्धा टाकला. "वहिनी, तू नोकरी करणार की त्यांना बघणार? आणि त्यांना आता काय कळतंय?" फोन स्पीकरवर होता. दादा समोरच होते. जोरजोरात मान हलवत होते, तर तेही आम्ही भ्रमातच धरलं. शनिवारी आश्रमातली माणसं दादांना बघायला येणार होती. हे कोपऱ्यात जाऊन डोळे पुसत बसले.

शुक्रवारी घरी आले तेव्हा मी अगदी गळून गेले होते. दादांच्या टेबलापाशी बसले, चप्पलसुद्धा काढली नाही, आणि टेबलावर डोकं टेकून डोळे मिटले. दादा टाइप करत होते. तो गोड आवाज मी बंद केला, आता तो ऐकवत नव्हता. नुसती बटणं ऐकू येत होती. थोडी भरभर, मग एक थांबा, मग पुन्हा थोडी. संपलं. मग पुन्हा पहिल्यापासून. तशीच भरभर, तिथेच थांबा.

मी ताडकन उठून बसले. भ्रमिष्ट माणूस असं टाइप करील? तीच बटणं, त्याच क्रमाने, एकदाही न अडखळता?

"दादा, तुम्ही सारखं एकच वाक्य लिहिताय का?"

त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि डाव्या हाताने माझं मनगट असं धरलं की दुखलं.

"अहो, इकडे या!" मी ओरडले. हे धावत आले. "त्यांचं डोकं ठिकाणावर आहे. तुमचं बघा जरा. नव्यात काय बदललंय?"

हे स्क्रीनकडे बघत राहिले आणि चेहरा पांढराफटक पडला. "टाइपरायटरची अक्षरं... ती बसवायचीच राहिली गं." म्हणजे दादा बरोबर बटणं दाबत होते आणि यंत्र भलतीच अक्षरं वाचत होतं. आणि काहीतरी चुकतंय असं सांगायचं, तर त्याच यंत्रातून सांगायचं! देवा रे, पाच दिवस!

ह्यांनी तिथल्या तिथे अक्षरं बसवली आणि आवाज पुन्हा सुरू केला. दादांनी पुन्हा तेच टाइप केलं, तसंच भरभर. आणि तो गोड आवाज म्हणाला, "मला पाठवू नका."

हे खाली बसले आणि दादांच्या गुडघ्यावर डोकं ठेवून पोरासारखे रडले. नणंदबाईंना फोन मीच केला, आणि काय बोलायचं ते बोलले. ते इथे लिहिण्यासारखं नाही.

थोड्या वेळाने दादांनी टाइप केलं, "जुनं घाल."

"दादा, आता यातही चालतंय की सगळं," हे नाक पुसत म्हणाले. खोड जाते का कुठे! "आवाज बघा किती छान आहे."

"जुनं."

डेबियन परत आलं, पत्र्याचा आवाज परत आला. मोबाइलवरचे लोक अजून भांडतात, कुठलं लिनक्स चांगलं. आमचे हे आता त्यात पडत नाहीत. कुणी अगदी खोदून विचारलंच तर सांगतात, घरातल्या माणसाच्या हाताला जे ओळखीचं असेल, त्याला हात लावू नका.

घरात कुणी अंघोळीचं नाव काढलं की मात्र दादा आधी ह्यांना खोलीबाहेर काढतात. आणि रोज सकाळी डोळे उघडले की चहाच्याही आधी कीबोर्ड मागतात. एकच शब्द टाइप करतात आणि तोच परत येतो का, ते कान देऊन ऐकतात.

"आहे," यंत्र म्हणतं.

मग ते चहा घेतात.